पदर सुटलेत का?

गेल्या सप्टेंबरात एका बाईंचा फोन आला. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, साठ माणसं, आणि केक हवा होता ‘ऑपेरा’ नावाचा, फ्रेंच. मुंबईत कुठंतरी त्यांनी तो खाल्ला होता आणि तोच पाहिजे होता. मी जालन्यात नऊ वर्षं घरून केक करते, बिनअंड्याचे. पाइनॅपल, बटरस्कॉच, रसमलाई, फोटोचा, दोन मजली, तीन मजली. ऑर्डरला नाही म्हणायची वेळ सहसा येत नाही. हाही यू-ट्यूबवर बघून करून दिला असता. पण फोन ठेवला आणि लक्षात आलं, की हा पदार्थ मी कधी जिभेवरच ठेवलेला नाही. पुरणपोळी न खाल्लेल्या बाईनं पुरणपोळीची ऑर्डर घ्यावी, तसं ते झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांना ‘जमणार नाही’ म्हणून कळवलं. ती ऑर्डर गेली, पण ते नाव काही मनातून जाईना.

लेक अकरावीला संभाजीनगरला असते, समर्थनगरात मुलींच्या वसतिगृहात. दर दुसऱ्या शनिवारी मी डबा घेऊन जाते. जालन्याहून साठ किलोमीटर, एसटीनं दीड तास. ठरवलं, की आता डबा देऊन लगेच परतायचं नाही. लेकीला घेऊन शहरातल्या एकेका पॅटिसरीत, म्हणजे फ्रेंच केक-पेस्ट्रीच्या दुकानात, जायचं, फ्रेंच पद्धतीचं जे काही मिळेल ते खायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. एका खेपेला सहाशे रुपये. त्यात तीन पदार्थ बसतात, चौथा नाही. नियम दोनच केले: एक पदार्थ नेहमी साधा घ्यायचा, वर चॉकलेट-क्रीम काही नसलेला, आणि खाताना फोन पिशवीत ठेवायचा. दुसरा नियम लेकीला जड गेला.

घरी एक अडचण होती. सासूबाई माळकरी. आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, आणि फ्रेंच मिठाई म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत अंडं. मी लपवून काही करत नाही, म्हणून सरळ विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “शिकायला लागतंय तर खाय गं. घरात मात्र आणू नको. आणि आल्यावर मला सांग, कसं कसं असतंय ते.” पुढचे पाच महिने दर दुसऱ्या शनिवारी रात्री मी त्यांना सांगत होते, आणि आज वाटतं, की निम्मं शिकणं त्या सांगण्यात झालं. कारण माझ्याकडं फ्रेंच शब्द होते, त्यांना ते चालत नव्हते. प्रत्येक गोष्ट मला आपल्या चुलीवर आणून सांगावी लागायची.

पहिला शनिवार ऑक्टोबरातला. दुपारचे चार. काचेच्या कपाटात पाच क्रोसाँ, म्हणजे भरपूर बटरचे फ्रेंच पाव, होते, एक घेतला, एकशेतीस रुपये. हातात घेतला तर जड. दाबला तर पावासारखा दबला आणि दबलेलाच राहिला. आत मऊ, एकसारखा, गोडसर. लेक म्हणाली, “आई, हा तर बटर लावलेला बनपाव आहे.” खाऊन झाल्यावर टाळूला काहीतरी चिकटून राहिलं, पाणी प्यायलं तरी जाईना. वहीत लिहिलं: क्रोसाँ, नाही आवडला. रात्री सासूबाईंना सांगितलं, की वरून खारीसारखे थर असतात म्हणे, पण नव्हते. त्यांनी लगेच विचारलं, “पदर सुटले नाहीत?”

तो शब्द ऐकला आणि मी वही परत उघडली. पदर! चिरोटे करताना आपण दुसरं काय बघतो? तीन पोळ्या लाटायच्या, तूप आणि कॉर्नफ्लॉवर फेसून साटा करायचा, पोळीवर साटा, वर पोळी, परत साटा, मग घट्ट वळकटी, काप, हलक्या हातानं लाटणं आणि मंद तळणं. तुपाचा थर पिठाच्या दोन थरांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून तळताना पदर सुटतात. क्रोसाँचं तत्त्व तेच आहे. फरक इतकाच, की साट्याच्या जागी बटरची अख्खी थंड लादी असते, पीठ यीस्ट घालून फुगवलेलं असतं, आणि वळकटीऐवजी घड्या घालतात. कणकेत बटरची लादी गुंडाळून लाटायची, पत्रासारखी तीन पदरी घडी घालायची, थंड करायची, परत लाटायची. असं तीन वेळा. तीनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. बटरचे 27 थर होतात. ‘मिलफय’ नावाची जी पेस्ट्री असते, हजार पानांची, तिच्या पिठाला यीस्ट नसतं आणि घड्या सहा. म्हणजे 729 थर. हजार नाहीत, पण कोण मोजणार.

हे सगळं मला वाचून कळलं असतं. टाळूला चिकटलेलं ते काय होतं, ते मात्र वाचून कळलं नसतं. त्यासाठी दुसरा क्रोसाँ खावा लागला.

तो मिळाला सिडकोत, कॅनॉट प्लेसच्या मागच्या गल्लीत, एका लहानशा दुकानात. चार टेबलं, मागं काचेपलीकडं भटारखाना. चालवणारा मुलगा तिशीतला, इथंच हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, मग काही वर्षं पुण्याच्या मोठ्या हॉटेलात बेकिंगला, वडील आजारी पडले म्हणून परत आलेला. मी दुपारी गेले आणि क्रोसाँ मागितला, तर म्हणाला, “काकू, आता नका घेऊ. सकाळी साडेनऊला भट्टीतून निघतो. दुपारपर्यंत वरची पापडी नरम पडते. पुढच्या वेळी सकाळी या.” स्वतःचा माल विकायला नाही म्हणणारा दुकानदार मी कमी बघितलेत. पुढच्या खेपेला सहाची एसटी धरली.

गरम नव्हता, कोमट होता. हातात घेतला तर आकाराच्या मानानं हलका. त्यानं सांगितलं, “कापू नका, तोडा.” तोडताना वरचं कवच कुडकुडलं, बशीत पापुद्रे सांडले, आणि आतून लांब, ओलसर तंतू निघाले. आडवा छेद बघितला तर आत जाळी होती, मोठमोठ्या भोकांची, थेट अनारशाची आठवण यावी अशी. तोंडात टाकला आणि तो विरघळला. टाळूवर काही नाही. दुधाचा, भाजलेल्या लोण्याचा वास तेवढा बराच वेळ राहिला. लेक आणि मी काही बोललोच नाही. दुसराही मागवला आणि सहाशेचा हिशेब त्या दिवशी मोडला.

मी त्याला टाळूचं विचारलं. तो म्हणाला, “तिकडं मार्गारीन असणार.” मग समजावलं. मार्गारीन म्हणजे वनस्पती तेलाचं, बटरच्या जागी वापरायचं. बटर बत्तीस ते पस्तीस अंशाला वितळतं. आपल्या अंगातली उष्णता सदतीस. म्हणून बटर तोंडात गेलं की पाणी होतं. पफसाठी जे मार्गारीन मिळतं, ते चाळीसच्या वर वितळेल असंच बनवलेलं असतं, म्हणजे लाटताना त्रास देत नाही. पण जे चाळीसला वितळतं, ते तोंडात कसं वितळेल? ते मेणासारखं टाळूला बसतं. मग म्हणाला, “पण काकू, नावं नका ठेवू कुणाला. मे महिन्यात इथं बाहेर बेचाळीस असतं. एसी बंद पडला की माझी दहा किलोची लादी तूप होते. बटरचा भाव बघा, विजेचं बिल बघा. मार्गारीन वापरणारा चोर नसतो. त्यानं पाटीवर बटर लिहू नये, एवढंच.”

मला हे अगदी पटलं. शहागंजात, बुढीलेनच्या बाजूला जुन्या भट्ट्यांवर नान आणि खारी करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या याच उन्हात काम करतात. खारीचे पदर कसे सुटतात ते पाहा, आणि ती पंधरा दिवस डब्यात कुरकुरीत राहते. ती चहात बुडवायला केलेली असते, तिला बटरच्या वासाची गरज नाही. क्रोसाँ वेगळ्या कामासाठी जन्मलेला आहे. आणि तोही मुळात फ्रेंच नव्हे. ऑस्ट्रियातल्या किपफर्ल नावाच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पावाचा तो वंशज. 1830 च्या दशकाच्या अखेरीस आउगुस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसानं पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथून ती कोर फ्रेंचांना आवडली. घड्यांचं पीठ त्यांनी नंतर जोडलं. आजही फ्रेंच लोक या जातीच्या पदार्थांना ‘व्हिएन्नवाझरी’, म्हणजे व्हिएन्नाकडचं, म्हणतात. आपल्याकडं बालुशाही-इमरतीचं कूळ कुठून कुठून आलं त्याची चर्चा चालते, तशीच ही गोष्ट. त्या मुलानं आणखी एक सांगितलं, की फ्रान्समध्ये बटरचा क्रोसाँ सरळ ठेवायचा आणि मार्गारीनचा वाकवायचा असा रिवाज आहे, गिऱ्हाइकाला न विचारता कळावं म्हणून. आपल्याकडं असा रिवाज नाही, म्हणून विचारावं लागतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक दुकानात विचारते, “दादा, बटर का मार्गारीन?” सात दुकानांत विचारलं. तिघांनी सरळ सांगितलं, दोघांना ठाऊक नव्हतं, एकाला राग आला. सातवा म्हणजे हाच.

नोव्हेंबरात एक्लेअर. लांबट, पोकळ, आत कस्टर्डचं क्रीम, वर चॉकलेट. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ वीज. त्या मुलानं त्या सकाळी मला काचेच्या आत येऊ दिलं, डोक्याला जाळी बांधून. पातेल्यात पाणी, बटर, चिमूट मीठ. खळखळून उकळी आली तशी मैदा एकदम ओतला आणि लाकडी चमच्यानं जोरात घाटायला लागला. गोळा पातेल्याची कड सोडेपर्यंत. मी म्हटलं, “अरे, ही तर उकड!” मोदकाला आपण हेच करतो, पाण्याला उकळी, त्यात मीठ आणि तूप, मग तांदळाची पिठी, आणि घाटणं. पीठ आधीच शिजून चिकट होतं, म्हणून ते वाफ धरून ठेवतं. मोदकात ती उकड हातानं मळून आपण पारी करतो. इथं ती निवली की एकेक अंडं घालून फेटतात, पिशवीतून लांब रेघ सोडतात आणि भट्टीत घालतात. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. आतल्या पाण्याची वाफ होते, ती पिठाला फुगवते, अंडं तो फुगवटा घट्ट धरून ठेवतं. भट्टीचं दार मध्येच उघडलं की बसलंच. या पिठाला फ्रेंचमध्ये ‘शू’ म्हणतात, म्हणजे कोबी, कारण गोल केले तर लहान कोबीच्या गड्ड्यासारखे दिसतात.

माझ्यासारख्या बिनअंड्यावालीला इथं एक गाठ बसली. शहरात बिनअंड्याचे एक्लेअर विकणारी दुकानं आहेत, दोन ठिकाणी मी खाल्ले. एक बिस्किटासारखं कडक होतं, दुसरं खालून चपटं, आत पोकळी नावाला. चूक त्या कारागिरांची नव्हती. त्या फुगवट्याचं कामच अंड्याचं आहे, ते दह्यानं किंवा जवसानं होत नाही. केक बिनअंड्याचा उत्तम होतो, हे मी नऊ वर्षांच्या अनुभवावरून छातीठोक सांगते. एक्लेअर होत नाही. ज्या पदार्थात अंडं काढून जीव राहत नाही, तो करायचाच नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. कस्टर्डचं मात्र जमतं. आपण जी कस्टर्ड पावडर लहानपणापासून फ्रूटसॅलडला वापरतो, ती मुळात अंड्यावाचून कस्टर्ड खाता यावं म्हणूनच निघाली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्यानं 1837 मध्ये ती केली, त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. सासूबाईंना ही गोष्ट फार आवडली. “बघ, नवरा कसा असावा,” म्हणाल्या, आणि पलीकडं पेपर वाचत बसलेल्या मामंजींकडं बघितलं.

क्रीमचं सांगायला मला जड जातं, पण सांगते. त्याच खेपेत मी फळांचा टार्ट खाल्ला, सीताफळाचा. बीडकडच्या, बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खाली बटरची खुसखुशीत वाटी, वर सीताफळाचा गर मिसळलेलं क्रीम. गर त्यानं शिजवला नव्हता. सीताफळाचा गर तापवला की कडू होतो, हे आपल्याकडं बासुंदी करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. बासुंदी गार झाल्यावरच गर घालायचा. त्यानंही गार क्रीममध्येच घातला होता. पण मला थांबवलं ते क्रीमनं. ते तोंडात गेलं आणि नाहीसं झालं. दुधाची गोडी मागं राहिली. माझ्या केकवरचं क्रीम असं कधीच लागत नाही. माझं पांढरंशुभ्र, उंच, दोन तास हलत नाही असं. कारण ते दुधाचं नसतंच. पामच्या बियांतल्या गरापासून काढलेलं तेल, साखर, पाणी आणि त्यांना धरून ठेवणारे पदार्थ, गोठवलेल्या डब्यात येतं. आपल्याकडचे बहुतेक केक त्याच्यावरच उभे आहेत, आणि उन्हाळ्यात जालन्याहून परतूरला दुचाकीवर केक पाठवायचा तर दुसरा इलाजही नसतो. मी ते वापरते आणि पुढंही वापरीन. पण नऊ वर्षं मी गिऱ्हाइकांना ‘फ्रेश क्रीम’ म्हणत आले. सगळेच म्हणतात म्हणून म्हणत आले. डिसेंबरपासून माझ्या यादीत दोन वेगळे भाव आहेत: व्हिप टॉपिंग आणि दुधाचं क्रीम. दुधाचं महाग आहे, एप्रिलनंतर मिळणार नाही, आणि तासाभरात खायचं. घेणारे थोडे आहेत. पण आहेत.

मॅकरॉन पटकन उरकते. बदामाची पूड, अंड्याचा पांढरा बलक, साखर. दोन टोप्या आणि मध्ये क्रीम. चार दुकानांत खाल्ले. मला ते फार गोड वाटले, आणि रंग इतके भडक, की जीभ निळी होते. एका ठिकाणी टोपी आतून पोकळ होती. लेकीला आवडले. वयाचा फरक असेल.

पॅरिस-ब्रेस्टबद्दल मात्र लिहायलाच हवं. शूच्याच पिठाचं मोठं कडं, वर बदामाचे काप, मध्ये ‘प्रालिने’चं क्रीम. आकार चाकाचा, कारण ते सायकलच्या शर्यतीसाठी केलेलं. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचं, बाराशे किलोमीटर. ही शर्यत 1891 मध्ये सुरू झाली, आणि 1910 मध्ये लुई द्युराँ या पेस्ट्रीवाल्यानं तिच्या सन्मानासाठी हा पदार्थ केला. प्रालिने म्हणजे काय, ते मी त्या मुलाला तीनदा विचारलं. साखर करपू न देता तांबूस होईतो वितळवायची, त्यात भाजलेला सुका मेवा, थापून गार करायचं, आणि मग तेल सुटेपर्यंत वाटायचं. चिक्की वाटली, दुसरं काय! फ्रान्समध्ये त्यात हेझलनट आणि बदाम असतात. हेझलनट इथं परवडत नाही, म्हणून हा अर्धे बदाम आणि अर्धे शेंगदाणे घालतो, आणि कपाटावर तसं लिहितो. शेंगदाण्याचा वास क्रीममधून आला तेव्हा मला संक्रांतीचं घर आठवलं. अस्सल फ्रेंच माणूस त्याला पॅरिस-ब्रेस्ट म्हणेल का, माहीत नाही. मी मागितला की तोच मागते.

आणि ऑपेरा. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं, तो शेवटी जानेवारीत मिळाला, कारण त्याआधी ज्या तीन दुकानांत त्या नावाखाली काही मिळालं, ते ऑपेरा नव्हतं. दोन ठिकाणी चॉकलेटचा स्पंज आणि कॉफीचं व्हिप टॉपिंग. तिसऱ्या ठिकाणी वरचं चॉकलेट कंपाउंडचं होतं, म्हणजे कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेल असलेलं. तेही टाळूला बसतं. आता टाळू ओळखायला लागली होती.

खरा ऑपेरा बुटका असतो, जेमतेम अडीच बोटं. त्यात बदामाच्या पुडीचा पातळ स्पंज तीन थर, तो कॉफीच्या पाकात भिजवलेला, मध्ये कॉफीचं बटरक्रीम आणि गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, आणि वर आरशासारखं चॉकलेट. कडा धारदार कापलेल्या, प्रत्येक रेघ सरळ दिसायला हवी. पॅरिसच्या दालोयो या दुकानानं 1955 मध्ये तो आणला, असं ते दुकान सांगतं; गास्ताँ लनोत्र या दुसऱ्या मोठ्या पेस्ट्रीवाल्याच्या नावावरही त्याचं श्रेय सांगितलं जातं. माझ्यासाठी नवल त्या बटरक्रीमचं होतं. अंड्याचे पिवळे बलक फेटत फेटत त्यात उकळता पाक बारीक धारेनं सोडतात, मग गार झाल्यावर बटर. पाक किती? तो म्हणाला, “एकशे अठरा अंश.” मी म्हटलं, “म्हणजे पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी होते तो?” तो हसला आणि म्हणाला, “हो काकू, आम्हाला थर्मामीटर दिला, तुम्हाला वाटीभर पाणी.” गोळीबंद पाक. रव्याच्या लाडवाचा एकतारी, त्याच्या पुढं तो चढत जातो, हे माझ्या आईनं मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं.

ऑपेराचा एक घास घेतला तर आधी कॉफीचा कडवटपणा, मग बदाम, मग चॉकलेट, आणि गोडी सगळ्यात मागून. मी तो पाऊण तास खाल्ला. बाईंची ऑर्डर मी नाकारली, ते बरोबरच केलं होतं. आणि हा मला घरी कधीच करता येणार नाही, हेही तिथंच कळलं, कारण त्यातून अंडं काढलं तर स्पंज आणि बटरक्रीम दोन्ही जातात. वाईट वाटलं. खूप वाटलं. लेकीनं माझ्या बशीत तिचा उरलेला अर्धा तुकडा सरकवला.

क्रोसाँला मात्र अंडं लागत नाही. वरून चमक यायला लावतात, ती दुधानंही येते. मैदा, दूध, यीस्ट, साखर, मीठ, बटर. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ बसत होता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जालन्यात पहाटे चांगला गारठा असतो. पहिल्यांदा सासूबाईंनी घरचं लोणी दिलं, प्रेमानं, म्हशीच्या दुधाचं. लादी थापली, फ्रिजमध्ये घट्ट केली, कणकेत गुंडाळली. दुसऱ्याच घडीला पाणी सुटलं आणि पीठ लगदा झालं. घरच्या लोण्यात ताकाचं पाणी बरंच राहतं. विकतच्या बटरमध्ये आपल्याकडच्या नियमानं कमीत कमी 80 टक्के स्निग्धांश असतो, फ्रान्समध्ये बिनमिठाच्या बटरला 82. ते दोन टक्के ऐकायला काहीच नाहीत, पण लादी लवते का मोडते, ते त्यांच्यावर ठरतं. त्या पिठाच्या मी पुऱ्या तळल्या. छान झाल्या.

दुसऱ्यांदा विकतचं बिनमिठाचं बटर. पाच वाजता उठले, पंखा बंद, ओट्यावरच्या ग्रॅनाइटवर बर्फाचं ताट फिरवून तो गार केला. लादी लाटताना तडकली, कारण फार थंड होती. बटर आणि कणीक सारख्याच मऊ हव्यात, बोटानं दाबल्यावर दोन्हींत सारखा खड्डा पडला पाहिजे. तडकलेल्या जागी थर तुटतात आणि भाजताना तिथून बटर वाहतं. माझ्या ट्रेमध्ये वाहिलं. क्रोसाँ तळल्यासारखे झाले.

तिसऱ्यांदा मी घाई केली नाही. एक घडी, एक तास फ्रिज. दुसरी घडी, एक तास. तिसरी, आणि मग रात्रभर. दुसऱ्या दिवशी पहाटे लाटून त्रिकोण कापले, गुंडाळले, आणि फुगायला ठेवले. आपल्याला सवय इडलीचं पीठ उबेला ठेवायची. इथं ऊब जास्त झाली तर बटर सुटतं, सत्तावीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. अडीच तास. ट्रे हलवला की थरथरायला लागले, तेव्हा दूध लावून ओव्हनमध्ये घातले. पंधराव्या मिनिटाला घरभर वास सुटला. सासूबाई पोथी बाजूला ठेवून स्वयंपाकघरात आल्या.

आठ केले होते. तीन बसले, पाच फुलले. सासूबाईंनी एक उचलला, हातावर तोलून बघितला, मी सांगितलं होतं तसा कापला नाही, तोडला. मी म्हटलं, “आई, पदर सुटलेत का?” त्यांनी खिडकीच्या उजेडाकडं धरून बघितलं, बराच वेळ. “वरचे सुटलेत,” म्हणाल्या, “आतले एकमेकाला धरून बसलेत. पण लोण्याचा वास लई चांगला आलाय.” आणि उरलेला चहाबरोबर संपवला.

पुढच्या शनिवारी दोन क्रोसाँ कागदात गुंडाळून मी कॅनॉटला नेले. सकाळची गर्दी होती. त्यानं हात पुसले, एक घेतला, करवतीच्या सुरीनं मधोमध कापला आणि छेद माझ्याकडं धरला. कडेला जाळी होती, मध्यभागी बोटभर जागा दाट, पिठूळ. “काकू, बटर बरोबर आहे,” तो म्हणाला. “लाटताना कडा पातळ होतात आणि मधलं जाड राहतं. लाटणं मधून बाहेर न्या, उलटं नको. आणि अर्धा तास जास्त फुगू द्या.” दुसरा त्यानं आपल्या भटारखान्यातल्या पोराला दिला. ते पोर उभ्या उभ्याच खायला लागलं, आणि मी वहीत ‘मधून बाहेर’ असं लिहून घेतलं.